तात्या विंचूचे जावेतले चुलतभाऊ : आजचा इंडोनेशियन सिनेमा आणि परदेशी उसनवारी

अर्धवट_तिकीट

पावसाळ्यात पायाचं हाड मोडून दीड महिना घरात पडून होतो. हिंदी बघून झालं, मल्याळम बघून झालं, मग एका रात्री 'पेंगाब्दी सेतान' नावाचा इंडोनेशियन भयपट लावला. नावाचा अर्थ सैतानाचे दास. पाय बरा झाला, पण खूळ काही गेलं नाही. आतापर्यंत या देशाचे तीसचाळीस सिनेमे झाले असतील. भाषा येत नाही, सगळी भिस्त सबटायटल्सवर. चुकलो तर कान धरा.

तर हा 'पेंगाब्दी सेतान' २०१७चा, दिग्दर्शक जोको अन्वर. तो त्याच नावाच्या १९८०च्या सिनेमावरून केलेला. आणि १९८०च्या सिनेमावर 'फँटॅझम' या १९७९च्या अमेरिकी भयपटाची दाट सावली. म्हणजे नकलेची नक्कल की काय? मलाही आधी तसंच वाटलं, म्हणून जुना शोधून पाहिला. त्यात एक सुखवस्तू कुटुंब आहे. बंगला आहे, पार्ट्या आहेत, नमाज नाही. आई मरते, भूत होऊन परत येते. शेवटी कियाई, म्हणजे तिथले धर्मगुरू, माणसं घेऊन येतात, कुराण पठण होतं आणि भुतं जळून जातात. पुढच्या दृश्यात कुटुंब मशिदीतून बाहेर पडताना दिसतं. धक्के अमेरिकेचे, उतारा घरचा.

इथे मला तात्या विंचू आठवला. 'चाइल्ड्स प्ले' १९८८चा, आपला 'झपाटलेला' १९९३चा. बाहुला तिकडचाच, पण बाबा चमत्कार आणि मृत्युंजय मंत्र तिकडचे नव्हेत. लहानपणी आमची गाळण उडायची ती त्या मंत्राने, बाहुल्याने नाही.

आता २०१७चा बघा. काळ १९८१चा ठेवलाय. आई पूर्वीची गायिका, अंथरुणाला खिळलेली, कुणाला बोलवायचं तर घंटा वाजवते. ती गेल्यावरही घंटा वाजते. याही वेळी मदतीला उस्ताद आहेत, म्हणजे धर्मशिक्षक, पण त्यांचा मुलगा जातो आणि मग ते स्वतःही. उतारा चालतच नाही! सुहार्तोंच्या हुकूमशाही राजवटीत भुताचा सिनेमा धर्माच्या विजयाने संपवायचा रिवाज होता. त्या सवयीच्या प्रेक्षकाला हे बघताना काय वाटलं असेल? तिकिटं खपली ४२ लाखांच्या आसपास. निर्मितीत जकार्ताच्या रापी फिल्म्सबरोबर कोरियाची सीजे एंटरटेनमेंट होती. म्हणजे गोष्ट घरची, वळण अमेरिकेचं, पैसा कोरियाचा आणि भीती जावेची.

दुसरं उदाहरण 'मार्लिना', तोही २०१७चा. दिग्दर्शिका मौली सूर्या. सुंबा बेटावर एकटी राहणारी विधवा. दरोडेखोर येतात, गुरं नेतो म्हणतात, शिवाय रात्री तुझ्यावर पाळीपाळीने बळजबरी करू म्हणतात. ती त्यांना सूपमध्ये विष घालून मारते, म्होरक्याचं मुंडकं उडवते आणि ते घेऊन पोलीस चौकीकडे निघते. रुंद माळरान, घोडा, शिट्टी-गिटारच्या वळणाचं संगीत. साठच्या दशकातले इटालियन वेस्टर्न पाहिलेल्यांना लगेच ओळख पटेल. एका परदेशी समीक्षिकेने याला 'साते वेस्टर्न' म्हटलं. साते म्हणजे तिथले शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खायचे मटण-चिकनचे शिगेवरचे तुकडे. नाव चिकटलं.

माझं म्हणणं एवढंच, की इंडोनेशियात आज जे चांगलं निघतंय ते परदेशी वळण टाळून नाही, ते अंगावर घेऊन निघतंय. उसनं आणलेलं कापड ज्या खिळ्याला अडकून फाटतं तिथे सिनेमा सुरू होतो. तुम्हाला काय वाटतं?

खवचट_काका

धागा बरा आहे, पण 'उसनवारी' फार गोंडस शब्द झाला. आम्ही याला उचलेगिरी म्हणतो. १९८९च्या सुमाराचा 'लेडी टर्मिनेटर' पाहिला आहे का? आम्ही व्हिडिओ पार्लरमध्ये पाहिला होता. (वय काढू नये.) अरनॉल्डच्या जागी बाई, बाकी पोलीस स्टेशनात घुसून गोळीबार जसाच्या तसा. चाळीस वर्षांत फक्त कॅमेरा सुधारला म्हणा.

अर्धवट_तिकीट

काका, नेमका तोच सिनेमा माझ्या बाजूने साक्ष देतो! अरनॉल्डच्या जागी आलेली 'बाई' कोण आहे? न्याई रोरो किदुल, जावेच्या दक्षिण समुद्राची राणी, या राणीचा सूड त्या बाईच्या अंगात शिरलाय. मूळ नावच 'दक्षिण किनाऱ्याच्या राणीचा सूड' असं आहे. ही राणी जावेत अजून मानतात, योग्याकार्ताचे सुलतान समुद्रात तिला नैवेद्य पाठवतात. भविष्यातून आलेला यंत्रमानव तिथल्या माणसाला परका. समुद्रातून आलेली राणी शेजारची. सिनेमा वाईट आहे हे मात्र १००% मान्य.

लाठीकाठी

'द रेड' कुणी काढला नाही अजून? आश्चर्य आहे.

मी स्वतः मर्दानी खेळ शिकवतो, त्यामुळे माझं बघणं जरा वेगळं. दिग्दर्शक गॅरेथ एव्हान्स वेल्सचा. २००७मध्ये पेन्चाक सिलाट या तिथल्या युद्धकलेवर माहितीपट करायला गेला. तिथे त्याला इको उवाइस दिसला. घराण्यातच सिलाट, आणि पोटासाठी एका टेलिफोन कंपनीत ड्रायव्हर. त्याला घेऊन २००९ला 'मेरांताउ' केला. मेरांताउ म्हणजे मिनांगकाबाउ समाजातली रीत: तरुण पोराने घर सोडून परमुलखात जायचं, कमवून-शिकून यायचं. पुढे मोठा तुरुंगपट-गँगपट करायचा होता, पैसे जमले नाहीत. मग एकच इमारत, एकच पोलीस तुकडी आणि वरच्या मजल्यावर गुंडांचा राजा, असा स्वस्तातला 'द रेड' २०११ला काढला. टोरंटो चित्रपट महोत्सवाच्या मध्यरात्रीच्या खेळांमध्ये त्याने प्रेक्षकांचं पारितोषिक नेलं. राहिलेली मोठी गोष्ट २०१४च्या दुसऱ्या भागात आली.

तर परदेशी प्रभाव म्हणजे काय, हा प्रश्न इथे उलटा होतो. परदेशी माणसाने तिथल्याच घरातली वस्तू उचलून तिथल्याच लोकांना दाखवली. सिलाट तिथल्या पडद्यावर आधीही होतं, ऐंशीच्या दशकात बॅरी प्रिमाच्या सिनेमांत भरपूर. पण 'द रेड'मध्ये कॅमेरा मागे सरून पूर्ण अंग दाखवतो आणि कट उशिरा येतो, ती हाँगकाँगची शिस्त. कोपर, गुडघा, जवळून लावलेला पेच आणि पडताना समोरच्याला घेऊन पडणं हे मात्र अस्सल. यायान रुहियानने केलेला मॅड डॉग बघा. पिस्तूल हातात असताना तो बाजूला ठेवतो आणि म्हणतो, ट्रिगर ओढण्यात मजा नाही. तालमीत वाढलेला माणूस ते ऐकून हसेल.

पुढचा हिशेब सांगतो: यायान 'जॉन विक'च्या तिसऱ्या भागात, जो तस्लिम 'फास्ट अँड फ्युरियस'च्या सहाव्यात. २०१८च्या जकार्ता एशियाडमध्ये सिलाटच्या १६पैकी १४ सुवर्णपदकं यजमानांची. २०१९ला युनेस्कोच्या यादीत नाव. हे सगळं एका सिनेमामुळे झालं असं नाही. पण माझ्या वर्गातल्या पोरांना सिलाट हा शब्द कुठून कळला ते मला माहीत आहे.

आमच्या मर्दानी खेळांना असा एखादा वेल्सवाला कधी भेटणार? असो, अवांतर.

झिपरी

'बागी' पाहताना शेवटचा अर्धा तास इमारतच्या इमारत ओळखीची वाटली होती, ती का ते आज कळलं. लाठीकाठी, धन्यवाद. :)

चकलीभाजणी

कोरियन मालिका पाहणाऱ्या बायकांना इथे नेहमी हसलं जातं, म्हणून आज हौसेने लिहिते.

अधिकृत हक्क घेऊन केलेले कोरियन रिमेक हा तिथला मोठा प्रवाह आहे आणि सगळे सारखे नाहीत. 'मिरॅकल इन सेल नंबर ७'चा इंडोनेशियन अवतार २०२२चा. मतिमंद बाप फुगे विकतो, खोट्या आरोपात तुरुंगात जातो, लेक त्याच्या कोठडीत चोरून आणली जाते. ५८ लाखांवर तिकिटं गेली. मी चार रुमाल भिजवले. तरी सांगते, हा रिमेक म्हणजे दुसऱ्याच्या डब्यातली भाजी आपल्या ताटात वाढून घेतल्यासारखा आहे. चव तीच.

'स्वीट २०' मात्र वेगळा, २०१७चा. मूळ कोरियन गोष्ट अशी: सत्तरीची खट्याळ सासू फोटो स्टुडिओत जाते आणि वीस वर्षांची होऊन बाहेर येते. नवीन नाव काय सांगायचं? कोरियन आजी ऑड्री हेपबर्नवरून नाव घेते. इंडोनेशियन आजी घेते मीके विजयावरून. ही मीके विजया कोण? १९५६च्या 'तिगा दारा'तल्या तीन बहिणींपैकी एक. इंडोनेशियन आजीची लाडकी नटी तिच्याच भाषेतली निघाली! त्या एका नावाने सिनेमा जकार्तात उतरतो.

आणि रिरी रिझाचा 'बेबास', २०१९. तो 'सनी' या कोरियन सिनेमावरून. मुलींच्या टोळीत त्यांनी एक मुलगा घातला आणि सगळं नव्वदच्या दशकातल्या जकार्तात आणलं. नावच मुळी इवा केच्या रॅपवरून. आपल्यासाठी नव्वदचं दशक म्हणजे जशी कॅसेट, तशी त्यांच्यासाठीही कॅसेटच.

खवचट_काका

@चकलीभाजणी, 'तिगा दारा'बद्दल वाचलं आत्ता. तो तर १९३६च्या 'थ्री स्मार्ट गर्ल्स'वर बेतलेला आहे म्हणे. म्हणजे तुमच्या आजीबाईंची अस्सल नटीसुद्धा उसन्या सिनेमातली. हाय काय नि नाय काय.

चकलीभाजणी

काका, तुम्ही नेमकं दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत आणि तरी हरलात. तो सिनेमा काढणारे उस्मार इस्माईल म्हणजे इंडोनेशियन सिनेमाचे जनकच. त्यांच्या 'दाराह दान दोआ' या चित्रपटाचं चित्रीकरण ३० मार्च १९५०ला सुरू झालं, तो दिवस आजही राष्ट्रीय चित्रपट दिन आहे. ते पुढे कॅलिफोर्नियात जाऊन सिनेमा शिकून आले, आणि कंपनीचं कर्ज फेडायला गाण्यांचा हलकाफुलका 'तिगा दारा' केला. साठ वर्षांनी, २०१६ला तो स्वच्छ करून पुन्हा थिएटरात लावला. कोण म्हणतंय आता त्याला अमेरिकी?

पासपोर्टवाली

जकार्तात नऊ वर्षं आहे, नवऱ्याच्या नोकरीमुळे. धागा वाचून राहवलं नाही. तुम्ही सगळे अमेरिका, कोरिया, हाँगकाँग करताय, मोठा पाहुणा विसरलात. आपण!

इथे टॅक्सीत बसले की ड्रायव्हर विचारतो, इंडिया? हो म्हटलं की 'अच्छा अच्छा', मग शाहरुख, मग 'कुछ कुछ होता है'ची एक ओळ, पाठ. इथल्या विनोदांत 'इन्स्पेक्टर विजय' हे पात्र आहे, हिंदी सिनेमातला शेवटी पोहोचणारा पोलीस. ज्याने 'जंजीर' पाहिला नाही त्यालाही इन्स्पेक्टर विजय माहीत. २०१४ला एएनटीव्हीवर 'महाभारत' लागलं तेव्हा अर्जुन झालेला शहीर शेख इथे एवढा मोठा झाला की पुढे इथल्याच कार्यक्रमांत झळकला. आमच्या कामवाल्या इबूने मला विचारलं होतं, तुमच्या गावात सगळे पुरुष असेच दिसतात का. मी नवऱ्याकडे पाहिलं आणि विषय बदलला.

पडद्यामागेही आपलीच माणसं. मल्टिव्हिजन प्लसचे राम पंजाबी, एमडी पिक्चर्सचे मनोज पंजाबी, सोराया कुटुंब, रापी फिल्म्सचे समतानी. सगळी सिंधी घराणी. वर काकांनी काढलेला 'लेडी टर्मिनेटर' सोराया यांचाच. २०२२चा 'केकेएन दी देसा पेनारी', ट्विटरवर कुणी निनावी माणसाने लिहिलेल्या भुताच्या गोष्टीवरून काढलेला, नव्वद लाखांवर तिकिटं खपलेला, तो एमडीचा. अश्रू, पाऊस, गैरसमज, सासू, हे टीव्हीच्या सिनेत्रोनमधून, म्हणजे मालिकांमधून, आणि तिथून सिनेमात कसं शिरलं हे वेगळं सांगायला नको.

आणि दांगदुत, इथलं लोकप्रिय संगीत! तबल्याच्या बोलावरून पडलेलं नाव. मलय गाणं, हिंदी सिनेमाच्या चाली आणि रोमा इरामाची रॉक गिटार. तो माणूस सिनेमातही नायक, गाऊन धर्मोपदेश करणारा. बासरी-तबल्यावर रॉकची गिटार कशी बसते ते एकदा ऐका, मग 'प्रभाव' शब्दावर पुन्हा बोलू.

रच्याकने, इथे सिनेमा चालला की नाही हे कोटींत सांगत नाहीत. पेनोन्तोन, म्हणजे किती माणसांनी पाहिला, तो आकडा सांगतात. मला हे फार आवडतं. दिग्दर्शक रोज सकाळी इन्स्टाग्रामवर आकडा टाकतो.

अर्धवट_तिकीट

पासपोर्टवाली, वाचनखूण साठवली! यावर एक भर.

तिथल्या कॉमिकमधला पहिला सुपरहिरो म्हणजे 'स्री असिह', १९५४ची, चित्रकार आर. ए. कोसासिह. वंडर वुमनची सावली उघड आहे. तेव्हा शिक्षकवर्गाने ओरड केली, की ही पाश्चात्त्य खुळं मुलांना बिघडवतात. कोसासिहने मग 'आपलं' काढायचं म्हणून वायांगकडे, सावल्यांच्या खेळाकडे मोर्चा वळवला. आणि काय काढलं? महाभारत! परकं नको म्हणून जे घरचं आणलं, ते हजार वर्षांपूर्वी आपल्याकडून गेलेलं. मात्र आज जावेतल्या कुणाला अर्जुन परका आहे म्हणून सांगून बघा.

१९६९ला हस्मी या योग्याकार्ताच्या चित्रकाराने 'गुंडाला' काढला, विजेचा वेग असलेला. फ्लॅशचा भाऊ. पण त्याची दुसरी नाळ की अगेंग सेला या जावेतल्या दंतकथेतल्या पुरुषाशी, ज्याने म्हणे वीज हाताने पकडली होती. कॉमिकमधला गुंडाला शास्त्रज्ञ होता. जोको अन्वरने २०१९ला सिनेमा केला तेव्हा तो झाला कामगाराचा पोरका पोर, बाप कारखान्याच्या आंदोलनात मारला गेलेला, पुढे सुरक्षा रक्षक. आराखडा सगळा मार्व्हलचा, शेवटी पुढच्या सिनेमाची चाहूल वगैरे. हा सिनेमा मला अर्धाच आवडला. बाप आणि पोराचा पहिला भाग अस्सल आहे. मग खलनायकांची रांग लागते आणि कापड कुठेच अडकत नाही.

मधलीसुट्टी

अर्थकारण कुणी बोलत नाही म्हणून थोडक्यात. 'प्रभाव' ही नुसती आवडीनिवडीची गोष्ट नव्हती. नव्वदच्या सुरुवातीला अमेरिकेने कापड निर्यातीवर दबाव आणून हॉलिवूडच्या आयातीला दार उघडून घेतलं. थिएटरांची मोठी साखळी सुहार्तोंच्या नातलगाच्या हातात, तिला हॉलिवूडच सोयीचं. त्यात खासगी टीव्ही आला. वर्षाला शंभराच्या घरात सिनेमे काढणारा देश दशकाच्या शेवटी बोटांवर मोजण्याइतक्यांवर आला. मे १९९८ला सुहार्तो सत्तेवरून गेले आणि जी पोरं पुढे आली, ती एमटीव्ही आणि चोरीच्या डिस्कवर वाढलेली. त्यांचा हात अमेरिकी वळणाचा असणारच होता. पुढे २०१६ला परकीय गुंतवणुकीला सिनेमा मोकळा झाला, कोरियन सीजीव्ही वगैरेंचे पडदे वाढले. हॉलिवूडच्या फॉक्सने 'विरो साब्लेंग' या सिनेमात २०१८ला पैसे घातले. पैसा मागून येतो तेव्हा चवही मागून येते. रसिकांनी हे विसरू नये.

लाठीकाठी

मान्य, पण चव उलट दिशेलाही जाते. 'आगाक लाएन' ही २०२४ची, सुमात्रातल्या बाताक समाजाच्या विनोदवीरांची भुताच्या बंगल्याची कॉमेडी, नव्वद लाखांवर पेनोन्तोन (शब्द उचलला). तिच्या कोरियन रिमेकची घोषणा झाली आहे. कोरियन!

खवचट_काका

ठीक आहे, एक गुण देतो. पण 'मार्लिना'वर माझा आक्षेप कायम. घोड्यावर बसवलं की वेस्टर्न होतं का?

पासपोर्टवाली

काका, आम्ही सुंब्याला गेलो होतो. घोडे तिथलेच. पासोला म्हणून उत्सव असतो, घोड्यांवर बसून एकमेकांवर भाले फेकतात. माळरानही तिथलंच, कोरडं, पिवळं, आपल्या माणदेशासारखं. सिनेमात नवऱ्याचं प्रेत घरातच कोपऱ्यात बसवून ठेवलेलं दिसतं ना? तेही तिथलंच. अंत्यविधीला एवढा खर्च येतो की पैसे जमेपर्यंत थांबतात. म्हणजे दिग्दर्शिकेने बाहेरून आणला तो फक्त चष्मा. आणि चौकीतला प्रसंग आठवा. ती तक्रार द्यायला जाते तर पोलीस टेबल टेनिस खेळतायत, आणि तपासणीचं साहित्य यायला वेळ लागेल म्हणतात. हे कुठल्या वेस्टर्नमध्ये आहे?

अर्धवट_तिकीट

+१. वर 'खिळा' म्हणालो तो हाच.

जाता जाता अजून एक. एडविन या दिग्दर्शकाचा २०२१चा सिनेमा, एका कादंबरीवरून. नाव साधारण असं: 'सुडासारखीच ओढही पुरती चुकती करावी लागते'. नायक मारामारीत वाघ, पण नपुंसक. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या तिथल्या आणि हाँगकाँगच्या मारधाडपटांना हा सलामही आहे आणि टपलीही. ती सगळी मर्दानगी हुकूमशाहीच्या धाकातून कशी आली, हे तो दाखवतो. मुद्दाम १६ मिमी फिल्मवर, जपानी छायाचित्रकार अकिको आशिझावा. लोकार्नो महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, गोल्डन लेपर्ड, मिळाला.

खवचट_काका

काल रात्री हिंमत करून 'पेंगाब्दी सेतान'चा दुसरा भाग पाहिला. सौभाग्यवती माहेरी आहेत, हे आधी लक्षात घ्यायला हवं होतं. १९८४, समुद्राकाठची सरकारी चाळवजा इमारत, लिफ्ट कोसळते, वादळात सगळे अडकतात, मजल्यामजल्यावर पांढऱ्या कापडात गुंडाळलेली प्रेतं. रेडिओवर गूढ गोळीबारात मेलेल्यांच्या बातम्या. ते १९८३ ते ८५मध्ये खरंच घडलं होतं म्हणे, गुंड म्हणून माणसं मारून रस्त्यात टाकायचे. भुतापेक्षा तो रेडिओ बंद करावासा वाटला.

आता प्रश्न. त्या गुंडाळलेल्या भुतांच्या डोक्यावर गाठ का असते? आणि ती चालत का नाहीत?

पासपोर्टवाली

पोचोंग म्हणतात त्याला. इथे दफन करताना कफनाला डोक्यावर, पायाशी आणि मध्ये गाठी मारतात, आणि कबरीत ठेवल्यावर त्या सोडायच्या असतात. सोडायला विसरलं तर तो परत येतो, कुणीतरी गाठ सोडावी म्हणून. पाय बांधलेले, म्हणून उड्या मारत येतो. आमची इबू सांगते, दिसला तर पळायचं नाही, जवळ जाऊन गाठ सोडायची.

खवचट_काका

दिवा लावून ठेवला आहे. सौभाग्यवती परवा येतायत.